सहल आखताना : आधी पाणी, मग बाकीचं

"मराठी विभागात एक माहितीपर लेख दे," असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मी सरळ नाही म्हणाले होते. माझं बालवाडीपासून बारावीपर्यंत सगळं कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठीच्या पेपरात मला निबंधापेक्षा पत्रलेखनात जास्त मार्क पडायचे, कारण त्याचा ढाचा पाठ करता येतो! तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. पण हॉस्टेलमध्ये दर सेमिस्टरनंतर "कुठेतरी जाऊ या" ही चर्चा होते, आणि ती नेहमी लोणावळा नाहीतर गोवा इथेच येऊन थांबते. आम्ही सात जण दोनदा तिसगावला गेलो. एकदा चुकीचं आखून आणि एकदा बरोबर आखून. त्या दोन सहलींतला फरक सांगावा एवढाच या लेखाचा हेतू.

तिसगाव हे माझं आजोळ. नगर जिल्हा (२०२४ पासून अहिल्यानगर, पण एस.टी.त अजून सगळे "नगर एक द्या" असंच म्हणतात), पाथर्डी तालुका. नगरहून पाथर्डीच्या गाडीत बसायचं, करंजीचा घाट उतरायचा, की थोड्याच वेळात तिसगाव. नगरपासून अंतर साधारण चाळीस किलोमीटर. दक्षिणेला बालाघाटाची एक रांग दिसते, तिला गर्भगिरी म्हणतात. नाथ संप्रदायाची बरीच ठाणी या डोंगरात आहेत. मढीला कानिफनाथांची समाधी, मायंबाला मच्छिंद्रनाथांची (ते सावरगाव, म्हणजे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यात जातं), आणि डोंगराच्या कुशीत वृद्धेश्वर. आजी वृद्धेश्वराला "म्हातारदेव" म्हणते. पहिल्या वेळी आम्ही मोबाइलच्या नकाशावर "म्हातारदेव" अर्धा तास शोधत होतो. असो.

पहिली सहल आम्ही फर्स्ट इयरच्या एप्रिलमध्ये केली, कारण तेव्हा सुट्टी होती. सुट्टी आहे म्हणून जायचं, ही पहिली चूक. दुसरी चूक अशी की सगळा बेत हॉस्टेलच्या खोलीत बसून, उपग्रहाच्या फोटोवर बोट फिरवून केला. मी सिव्हिलची. सर्व्हेइंगचं पहिलं प्रॅक्टिकल नुकतंच झालेलं, त्यामुळे मला जरा जास्तच आत्मविश्वास. तिसगाव, मढी, मायंबा, वृद्धेश्वर, परत तिसगाव असं गोल फिरायचं. दोन दिवस. वाटेत फोटोवर निळे चौकोन दिसत होते. "पाणी आहे की!" असं म्हणून आम्ही प्रत्येकी फक्त दोन बाटल्या घेतल्या. मामा म्हणाला होता, "अगं, उन्हाचं कुठं डोंगरात चालले तुम्ही? गाडी सांगतो." आम्ही हसलो.

साडेअकराला आमच्या बाटल्या संपल्या. ओढे कोरडे खडखडीत. एक पाझर तलाव लागला, त्याच्या तळाला भेगा पडलेल्या. बाराच्या सुमारास पहिला निळा चौकोन सापडला. ते शेततळं होतं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. शेततळं म्हणजे जमिनीत खणलेला मोठा चौकोनी खड्डा, चारही बाजू उतरत्या, आणि पाणी जिरू नये म्हणून आतून सगळा जाड प्लास्टिकचा कागद. आपल्या राज्यात २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" ही योजना आली. दुष्काळी तालुक्यांत फळबागा जगवायला शेततळ्यांचा फार उपयोग होतो. उपग्रहाच्या फोटोत ही तळी सुंदर निळी दिसतात. पण त्या ओल्या कागदावर शेवाळ धरतं आणि त्यावर पाय ठरतच नाही. आत पडलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी बाहेर येता येत नाही. धरायला काही नसतं, आणि चढायला जावं तितकं खाली घसरायला होतं. शेततळ्यात बुडाल्याच्या बातम्या आपल्याकडे दर उन्हाळ्यात येतात. मी त्या वाचल्या होत्या. पण तो निळा चौकोन आणि ती बातमी यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही.

आमच्यातला मेकॅनिकलचा एक जण कुंपणाखालून आत गेला, बाटली भरायला वाकला आणि सरकत गेला. आधी आम्हाला गंमत वाटली, त्यालाही. दोन मिनिटांनी त्याचा चेहरा बदलला. आम्ही ओढण्या बांधून टाकल्या, त्या पुरल्या नाहीत. एकीने हात द्यायला म्हणून पुढे पाय टाकला, तिला आम्ही दोघींनी मागे खेचलं. सगळे ओरडत होतो. शेजारच्या उघड्या रानात धनगरांचा वाडा उतरला होता. तिथून एक बाई धावत आल्या, मागोमाग त्यांचा मुलगा. दोघांनी खांद्यावरून वाघूर आणली होती. रात्री मेंढरं कोंडायला धनगर जे दोरीचं जाळं लावतात ना, ते. त्यांनी एक टोक कुंपणाच्या लोखंडी खांबाला बांधलं आणि जाळं आत सोडलं. जाळ्याच्या घरांत हातपाय अडकवत तो शिडी चढावी तसा वर आला. बाई एवढंच म्हणाल्या, "हितं गुरंसुदिक जात न्हाईत पान्याला." मग त्यांनी आम्हाला त्यांच्या हंड्यातलं पाणी प्यायला दिलं. त्या हंड्यासाठी त्या सकाळी किती लांब गेल्या असतील, हे विचारायचंही आम्हाला सुचलं नाही.

तिथून आम्ही परत फिरलो. मायंबा नाही, वृद्धेश्वर नाही. घरी खरं सांगितलं नाही. मामाला मात्र त्याच संध्याकाळी कळलं होतं, गावात काही लपत नाही. तो रागावला नाही, पण पुढचे दोन दिवस आमच्याशी कमीच बोलला.

दुसरी सहल या डिसेंबरमध्ये केली. तिची आखणी कशी केली ते आता जरा नीट सांगते, कारण ही पद्धत कुठल्याही डोंगराला लागू पडेल.

सुरुवात ठिकाणांपासून केली नाही, पाण्यापासून केली. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा टोपोशीट काढला. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे पाचशे मीटर. या नकाशाची एक खुबी आम्हाला वर्गात शिकवली होती, पण मी ती फक्त व्हायवासाठी लक्षात ठेवली होती. ज्या प्रवाहाला पाणी राहत नाही तो काळ्या रेषेने दाखवतात आणि पाणी असतं तिथे निळा रंग. आमच्या वाटेवरचे जवळजवळ सगळे ओढे काळे! म्हणजे जे आम्हाला एप्रिलमध्ये घसा कोरडा पडल्यावर समजलं, ते कागदावर आधीच छापलेलं होतं. पण टोपोशीटसुद्धा जुना असू शकतो. विहीर बुजते, हापसा बंद पडतो. म्हणून मी नकाशा घेऊन मामाजवळ बसले आणि प्रत्येक जागेवर विचारलं, "इथे आत्ता पाणी आहे का? पिण्याचं आहे का? माणूस असतो का तिथे?" या तिन्ही प्रश्नांना "हो" आलं तरच नकाशावर गोल करायचा. मामाने आणखी दोघांना फोन लावले. अकरा जागांपैकी चार उरल्या. शेततळ्यांवर आम्ही निळ्या पेनाने फुली मारली.

मग नियम केला की दोन गोलांमध्ये तीन तासांपेक्षा जास्त चाल नको. माणशी चार लिटर पाणी निघतानाच पाठीवर हवं. चार लिटर म्हणजे चार किलो. म्हणून बाकीचं सामान कमी करावं लागलं. आमच्या एका मैत्रिणीने हेअर ड्रायर आणला होता, त्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. नुसतं पाणीच पाणी पिऊनही भागत नाही. घामातून मीठ जातं, म्हणून ओआरएसची पाकिटं किंवा मीठ-साखर-लिंबू बरोबर ठेवावं. कोणी गप्प झालं, अडखळायला लागलं, विचारल्यावर भलतंच बोललं, तर ती थट्टेची गोष्ट नाही. लगेच सावली, ओलं फडकं, वारा, आणि १०८ ला फोन.

यानंतर वेळेचा हिशोब. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक सोपा नियम सांगितला. आपल्या मापात तो साधारण असा : सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि त्यावर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. समजा १५ किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ आहे. तर ३ तास अधिक अर्धा तास, म्हणजे साडेतीन तास. इंजिनिअरला असं सूत्र मिळालं की त्याला वाटतं प्रश्न सुटला! पण नेस्मिथसाहेब स्कॉटलंडच्या थंडीत, न थांबता चालणाऱ्या माणसाचं बोलत होते. आमच्यात एकाला सपाट पायांचा त्रास, दोघांना दर दहा मिनिटांनी फोटो काढायचे, आणि दगडगोट्यांची वाट. मी आदल्या रविवारी सगळ्यांना हॉस्टेलमागच्या टेकडीवर पाठीवर ओझं देऊन चालवलं आणि वेळ घेतली. आमचा आकडा नेस्मिथच्या बरोबर दुप्पट आला. मग मी सूत्राला फॅक्टर ऑफ सेफ्टी दोन लावला. साडेतीनाचे सात तास. डिसेंबरात आपल्याकडे सातच्या सुमाराला उजाडतं आणि सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो. सातला निघून, दुपारी दीड तास सावलीत बसून, चार-साडेचारपर्यंत मुक्कामी पोचलंच पाहिजे. पोचणार नसू तर तो टप्पा त्या दिवशी घ्यायचाच नाही. म्हणून दोन दिवसांची सहल तीन दिवसांची झाली.

"साडेचारलाच का? टॉर्च आहेत की," असं आमच्यातला एक जण म्हणाला, आणि पहिल्या रात्री जेवताना त्याने मामाला उत्साहाने विचारलं, "बिबट्या दिसेल का हो?" मामाने भाकरी मोडायची थांबवली. आजीनेच उत्तर दिलं. २०२० च्या दिवाळीआधी या टापूत बिबट्याने लहान मुलांचे बळी घेतले होते. मढी, केळवंडी, शिरापूर. सगळी गावं आमच्या नकाशाच्या कागदावर बसणारी. आजी म्हणाली, त्या महिन्यात दिवस मावळला की दारं लावून घ्यायचे, शेताला रात्रीचं पाणी द्यायला जायला माणसं मिळेनात. "तुम्ही बघायला येता बाळांनो, आम्हाला हितंच ऱ्हायचंय."

त्यानंतर मी बिबट्याबद्दल थोडं वाचलं, ते इथे सांगायला हवं, कारण आपल्याला वाटतं बिबट्या म्हणजे घनदाट जंगल. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याच्या परिसरात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात कॅमेरे लावून अभ्यास केला. तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे दर चौरस किलोमीटरला तीनशेपेक्षा जास्त माणसं राहतात अशा त्या उसाच्या मुलखात, दर १०० चौरस किलोमीटरला जवळजवळ पाच मोठे बिबटे आणि तितकीच तरसं निघाली. म्हणजे एरवी ही जनावरं माणसाला टाळूनच माणसांत राहतात. जुन्नर भागातल्या बिबट्यांवरच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की पकडून दुसरीकडे नेऊन सोडल्यावर हल्ले उलट वाढले. यातून आम्ही आमच्यापुरते नियम काढले. अंधार पडल्यावर वाटेवर नाही. पहाटे शेताच्या कडेने एकट्याने नाही. उसाच्या किंवा दाट झुडपाच्या आडोशाला बसायचं नाही (मुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं, आम्ही जोडीने आणि बोलत जायचो). आणि दिसलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, फोटोसाठी मागे जायचं नाही. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, तो सेव्ह करून ठेवा.

मग प्राणी काही पाहिलेच नाहीत का? पाहिले की! पण त्यासाठी मला आधी शब्द शिकावे लागले. मला "फॉक्स" माहीत होता, "खोकड" माहीत नव्हतं. मढीकडे जाताना सकाळी आठला माळावर एक खोकड बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसलं होतं. मांजरापेक्षा थोडं मोठं, शेपटीचं टोक काळं. आम्ही सात जण जागच्या जागी खाली बसलो आणि ते पाच मिनिटं आमच्याकडे बघत राहिलं. वर भोवत्या हा पक्षी जमिनीलगत तरंगत फिरत होता. हे शिकारी पक्षी हिवाळ्यात उत्तरेकडून येतात आणि गवताळ माळांवर उतरतात. टिटव्या, चंडोल, तितर हे तर पावलोपावली. सरकारी कागदात अशा माळाला बरेचदा "पडीक" म्हणतात. मीही पहिल्या सहलीत "इथे काहीच नाही" असंच म्हणाले होते. दगड उचलून बघायचा मोह मात्र टाळा, त्याखाली फुरसं असतं. वीतभर लांब, दगडाच्याच रंगाचं आणि विषारी. घोट्यावर येणारे बूट घाला. चावलंच तर बांधणं, कापणं, चोखणं यातलं काही न करता, पाय न हलवता थेट सरकारी रुग्णालय गाठा.

आता मुक्काम. हा भाग मला सगळ्यात आवडतो. पहिली रात्र मामाच्या जुन्या घरात. ते माळवदाचं आहे. म्हणजे जाड मातीच्या भिंती, वर लाकडाच्या तुळया, त्यावर आडव्या फळ्या आणि त्यावर चांगली हातभर पांढरी माती थापून केलेलं सपाट छत. छतात उजेडासाठी एक चौकोनी भोक ठेवलेलं असतं, त्यातून सकाळी उन्हाचा खांब खाली उतरतो. बिल्डिंग मटेरियलच्या तासाला थर्मल मास शिकवतात, ते इथे हाताला लागतं. बाहेर दुपारी उकडत असताना आत गार, आणि पहाटे बाहेर हुडहुडी भरते तेव्हा आत ऊब. आम्ही मुली आत झोपलो, मुलं वर माळवदावर गोधड्या घेऊन. रात्रभर कोल्हेकुई ऐकली म्हणाले. (घोरणं कोणाचं होतं ते मला माहीत आहे.) अशी घरं आता कमी होत चालली, कारण दर पावसाळ्याआधी वर माती टाकायला माणूस लागतो आणि स्लॅबला तो लागत नाही. मामाही पुढच्या वर्षी स्लॅबच टाकणार आहे. मी त्याला थांबवू शकत नाही, गळणारं छत मला नाही, मामीला सांभाळावं लागतं.

दुसरी रात्र मढीला. कानिफनाथांचं देऊळ उंचवट्यावर एखाद्या किल्ल्यासारखं बांधलेलं आहे. आधी फोन करून राहायची सोय विचारून घ्यावी. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत इथे मोठी यात्रा भरते, भटक्या जमातींचे लोक दुरून येतात, गाढवांचा बाजार भरतो. ती पाहायचीच असेल तर मुद्दाम तेव्हा जा, पण मग शांत मुक्काम विसरा. डिसेंबरात मात्र संध्याकाळी आवारात आम्ही आणि दहा-बारा माणसं. देवस्थानात राहायचं तर तिथल्या पद्धतीने राहायचं. रात्री गाणी नाहीत, बाहेरचं जेवण विचारून. आम्हाला ते जड गेलं नाही, नऊला सगळे आडवे होते.

तिसऱ्या दिवशी मायंबा, आणि डोंगरातून वृद्धेश्वर. चारला दहा कमी असताना पोचलो. माझ्या कागदावर चार वाजून वीस मिनिटं लिहिलं होतं. खरं सांगू, परीक्षेतल्या मार्कांपेक्षा जास्त आनंद झाला. मामा गाडी घेऊन आला होता. चार बाटल्या पाणी उरलं होतं, ते आम्ही देवळाबाहेरच्या एका रोपाला घातलं. येताना वाटेत ते शेततळं लागलं. आता त्याच्या कडेने दोरी बांधून त्यात टायर अडकवलेले दिसले. गाडीत कोणीच काही बोललं नाही. धनगरांचा वाडा अर्थातच तिथे नव्हता, ते कुठे असतील ते मामालाही सांगता येईना.

ज्यांना एक-दोन दिवस जोडता येतील त्यांच्यासाठी थोडक्यात. तिसगावहून शेवगावमार्गे पैठणच्या जायकवाडी जलाशयावर हिवाळ्यात जावं. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे, रोहित म्हणजे फ्लेमिंगो तिथे येतात. काळवीट पाहायचे तर कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी, १९८० चं अभयारण्य, अवघं २.१७ चौरस किलोमीटर. तिथे सकाळी लवकर जा. आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी भंडारदऱ्याचे काजवे. तिथे गर्दी फार होते, म्हणून मोबाइलच्या बॅटऱ्या बंद ठेवणार असाल तरच जा. काजवे उजेडानेच एकमेकांना शोधतात, आपल्या उजेडात ते हरवतात.

खर्चाचं म्हणाल तर सगळा मिळून हॉटेलातल्या एका पार्टीपेक्षा कमी आला. एस.टी.त २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मुलांनी थोडी कुरकुर केली.

रेक्टर मॅडमना आम्ही अर्जासोबत पूर्ण आखणी जोडली होती : रोज कुठून निघणार, कुठे पोचणार, किती वाजता न पोचल्यास काळजी करायची, आणि मामाचा नंबर. तीच प्रत आता सिव्हिलच्या नोटीस बोर्डवर टोपोशीटच्या झेरॉक्ससकट लावली आहे. जायचं असेल तर तिच्यावरून काढून घ्या. गोल केलेल्या चार जागी डिसेंबरात पाणी होतं, तुम्ही दुसऱ्या महिन्यात जाणार असाल तर पुन्हा विचारून घ्या. आणि निळ्या फुल्या मारलेल्या जागा म्हणजे शेततळी.